धावपट्टी सोडताना

बेंगळुरू आणि विमान यांचे नाते जुने आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० साली तेथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. तेव्हापासून या नगरीने विमाने घडविली, दुरुस्त केली आणि पारखून पाहिली. त्याच बेंगळुरूत १८ मे २०२४ च्या रात्री जे घडले, त्याचे मर्म कळण्यासाठी उड्डाणाचा एक नियम आधी समजून घेतला पाहिजे.

प्रत्येक उड्डाणापूर्वी विमानाचे वजन, वारा आणि धावपट्टीची लांबी पाहून एक वेग निश्चित केला जातो. त्याला निर्णयवेग म्हणता येईल. त्याच्या आत इंजिन बिघडले, तर विमान थांबवावयाचे. तो ओलांडल्यावर बिघडले, तर उड्डाण पुरे करावयाचे. कारण थांबण्याइतकी धावपट्टी पुढे उरलेली नसते, आणि एका इंजिनावर वर चढण्याची शक्ती विमानाला दिलेली असते. हा वेग येताच वैमानिक इंजिनांच्या दांड्यांवरील हात काढून घेतो. संकटात काय करावयाचे, हे संकटापूर्वीच ठरलेले असते.

असे असूनही उड्डाणे फसली आहेत. ती का फसली, हे मुंबईच्या दोन अपघातांवरून उमगते.

१२ ऑक्टोबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान मुंबईहून मद्रासला निघाले. इंजिनातील एक चकती धातूच्या थकव्याने फुटली. इंधनाची नळी तुटली आणि आग लागली. वैमानिकांनी विमान माघारी वळविले. परंतु ज्या तेलाच्या दाबावर सुकाणूची यंत्रणा चालते, ते तेलच आगीने गिळले. धावपट्टी जवळ असताना विमान कोसळले आणि ९५ जणांचा अंत झाला. येथे यंत्राने माणसाला साधनच उरू दिले नाही.

दुसरी घटना १ जानेवारी १९७८ ची. एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे जंबो जेट रात्री सांताक्रूझहून दुबईकडे निघाले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. क्षितिज दिसत नव्हते. विमान कोणत्या बाजूस कलले आहे, हे दाखविणारे कॅप्टनसमोरचे यंत्र बिघडले. विमान उजवीकडे कलल्याचे ते दाखवीत राहिले. म्हणून कॅप्टन ते डावीकडे झुकवीत गेले. खरी स्थिती सांगणारी यंत्रे त्याच कक्षात होती. यंत्र बिघडल्याचे शब्द उच्चारले गेले, फ्लाइट इंजिनिअरने लक्ष वेधण्याचा प्रयत्नही केला. पण कोणत्या यंत्रावर विश्वास ठेवावा, याचा मेळ बसण्यापूर्वीच, उड्डाणानंतर अवघ्या १०१ सेकंदांत, विमान वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. साधन होते, एकवाक्यता नव्हती.

अशा दुर्घटना जगात इतरत्रही घडत होत्या. १९७९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने याच प्रश्नावर तज्ज्ञांची परिषद भरविली. तेथून एका नव्या शिक्षणाचा उगम झाला: कनिष्ठाने निःसंकोच बोलावे, वरिष्ठाने ऐकावे, एकाने विमान सांभाळावे आणि दुसऱ्याने यंत्रे पडताळावीत. ज्येष्ठासमोर मौन पाळण्यालाच विनय मानणाऱ्या आपल्या समाजात हा धडा सोपा नव्हता.

आता बेंगळुरूकडे वळू. पुण्याहून बेंगळुरूमार्गे कोचीला जाणाऱ्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाने देवनहळ्ळीच्या विमानतळावरून झेप घेतली, आणि उजव्या इंजिनातून ज्वाळा निघत असल्याचे दिसले. आत १७९ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. विमान परत फिरले, रात्री ११ वाजून १२ मिनिटांनी उतरले. आग विझविण्यात आली, आणि कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना तातडीने बाहेर काढले. एकाचाही प्राण गेला नाही.

अशा रात्रीला इतिहासात स्थान क्वचित मिळते, कारण आपण इतिहास मृतांच्या संख्येने मोजतो. वस्तुतः १८५ माणसे आपापल्या घरी पोहोचली, ही गोष्टही तितकीच नोंदण्याजोगी आहे. यंत्र आजही बिघडते आणि पुढेही बिघडेल. त्या क्षणी जोडीचे दुसरे इंजिन जितके हवे, तितकीच शेजारच्या माणसाला ‘हे चूक आहे’ असे म्हणण्याची मोकळीकही हवी.