शिरस्त्राणावरून राष्ट्रनिर्णय

पहिल्या महायुद्धाच्या छायाचित्रांत माथ्यावर उंच पट्टी असलेलें पोलादी शिरस्त्राण दिसतांच सैनिक फ्रेंच ठरविण्याचा प्रघात संग्राहकांनीं सोडावा. फ्रान्सनें १९१५ सालीं काढलेलें हें ‘आद्रियां’ शिरस्त्राण बेल्जियम, इटली, रुमानिया, रशिया यांनींही घेतलें. निर्णय कपाळावरील चिन्हानें करावा: सिंहमुख असल्यास बेल्जियन, द्विमस्तक गरुड असल्यास रशियन असूं शकेल. चंद्रकोर पाहून मात्र तुर्क म्हणूं नये. कोरींत फ्रेंच प्रजासत्ताकाचीं ‘आर. एफ.’ हीं आद्याक्षरें असतील तर तो फ्रान्सच्या उत्तर आफ्रिकी पलटणींतला; टिपणांत त्यास तुर्क लिहिणें म्हणजे बिचाऱ्यास शत्रुपक्षांत ढकलणें होय. अक्षरें उलटीं दिसल्यास काच उलटी ठेवून छाप काढली, असें समजावें. रंगाचा पुरावा तर दुबळाच. तत्कालीन काचांवर निळें बहुधा फिकें व तांबडें काळें उमटे.