धरणाला शिडी असूनही मासे घरी का पोहोचत नाहीत?

1992 सालची गोष्ट. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात सुमारे 2000 मीटर उंचीवर रेडफिश नावाचा तलाव आहे. अंडी घालायला समुद्रातून परत येणाऱ्या लालभडक सॉकाय सॅल्मन माशांवरून त्याला हे नाव पडलं. त्या वर्षी तलावाकडे समुद्रातून किती सॉकाय परतले? एक. तोही नर. लोकांनी त्याला नाव दिलं 'लोन्सम लॅरी', म्हणजे एकटा पडलेला लॅरी.

लॅरी सुमारे 1450 किलोमीटर प्रवाहाविरुद्ध पोहत आला होता. वाटेत त्याने आठ धरणं ओलांडली. चार कोलंबिया नदीवरची आणि चार तिच्या स्नेक या उपनदीवरची. 1938 ते 1975 या काळात उभी राहिलेली ही सगळी धरणं वीज तयार करतात आणि आठही ठिकाणी माशांना चढून जायला शिड्या आहेत. मग एकच मासा का आला?

आधी चढणीचे मासे आठवा

कोकणात किंवा मावळात ज्यांनी पहिला पाऊस पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. ओढ्यांना पाणी आलं की मासे उलटे वर चढायला लागतात आणि लोक रात्री बत्त्या घेऊन निघतात. कुठे त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कुठे वलगणीचे. अंडी घालायला उथळ, सुरक्षित जागा हवी म्हणून ही धडपड असते.

सॅल्मनचा प्रवास याच जातीचा, फक्त फार लांबचा. पिल्लू गोड्या पाण्यात जन्मतं, एक-दोन वर्षांनी समुद्रात जातं, तिथे मोठं होतं आणि अंडी घालायला जन्मगावी परततं. नदीत शिरल्यावर ते खाणं बंद करतं. अंगात साठवलेल्या चरबीवर पुढचा सगळा प्रवास. अंडी घातली की आयुष्य संपलं.

म्हणजे प्रवास दोन आहेत, एक वर येण्याचा आणि एक खाली जाण्याचा. शिडी फक्त पहिल्याची सोय करते.

खाली जाताना काय होतं?

वितळलेल्या बर्फाने नदी फुगते तेव्हा बोटभर लांबीची पिल्लं समुद्राकडे निघतात. पूर्वी ती फार पोहत नसत, प्रवाहच त्यांना वाहून नेई. याच दिवसांत त्यांचं शरीर खाऱ्या पाण्यासाठी बदलत असतं, त्यामुळे वेळेत पोहोचणं गरजेचं असतं.

आता त्या वाटेवर एकामागोमाग एक जलाशय आहेत. पाणी जवळजवळ थांबलेलं. पिल्लांना स्वतः पोहावं लागतं, वेळ लागतो, आणि संथ पाण्यात त्यांना खाणारे मासे मजेत वाढतात. पाइकमिनो हा त्यातला एक. तो पकडून आणणाऱ्याला तिथे चक्क प्रत्येक माशामागे पैसे मिळतात!

मग येतं धरण. तिथे तीन वाटा असतात. टर्बाइनमधून, सांडव्यावरून, किंवा खास बांधलेल्या नळातून. टर्बाइनचं पातं लागून पिल्लं मरतात हे खरं, पण दाब अचानक कमी होण्याचा धोकाही तितकाच मोठा असतो. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, ती फुगून फुटू शकते. जी वाचतात ती गरगरलेल्या अवस्थेत बाहेर पडतात आणि पलीकडे पक्षी वाट बघत असतात. सांडवा त्यामानाने बरा. पण तिथून पाणी जोरात कोसळलं की त्यात जादा हवा विरघळते आणि माशांच्या अंगात बुडबुडे तयार होतात.

समजा, एका धरणावर शंभरातली फक्त पाच पिल्लं मेली. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तेच आठ वेळा झालं तर शेवटी 66 उरतात. प्रत्येक ठिकाणी दहा मेली तर 43.

यावर उपाय म्हणून पिल्लं गोळा करून बार्जमध्ये किंवा ट्रकमध्ये भरतात आणि शेवटच्या धरणाखाली सोडतात. नदीतले मासे ट्रकने न्यायचे, हे वाचून हसू येईल, पण हा तिथला अनेक वर्षांचा सरकारी कार्यक्रम आहे. दुसरा उपाय म्हणजे वसंतात सांडव्यावरून जास्त पाणी सोडणं. पण माशांसाठी सोडलेल्या पाण्यापासून वीज होत नाही, त्यामुळे किती पाणी सोडायचं यावर तिथे अनेक वर्षं कोर्टकज्जे चालू आहेत.

आणि शिडी?

शिडी म्हणजे पाण्याच्या पायऱ्या. मासा एका हौदातून वरच्या हौदात जातो. सॅल्मनसाठी ही युक्ती बऱ्यापैकी चालते. बॉनव्हिल धरणावर तर काचेच्या खिडकीशी माणसं बसून वर जाणारे मासे मोजतात. पण सगळे मासे सॅल्मन नसतात. लॅम्प्री हा सापासारखा मासा तोंडाने भिंतीला चिकटत चिकटत चढतो. शिडीतल्या काटकोनी कडांवर त्याची पकड सुटायची, म्हणून नंतर काही कडा गोल कराव्या लागल्या.

शिवाय शिडीलाही उंचीची मर्यादा असते. कोलंबियावरचं ग्रँड कूली धरण सुमारे 168 मीटर उंच आहे आणि त्याला शिडीच नाही. त्याच्या जलाशयात केटल फॉल्स हा धबधबा बुडाला. 1940 च्या जूनमध्ये तिथल्या आदिवासी जमाती निरोप द्यायला जमल्या होत्या. त्या मेळाव्याला 'अश्रूंचा सोहळा' म्हणतात.

पिल्लं पैदा करून सोडली तर?

लॅरीचं बीज गोठवून ठेवलं गेलं आणि ते पुढच्या पैदाशीत वापरलं. या कार्यक्रमामुळे 2014 मध्ये दीड हजारांवर सॉकाय परतले. पण पुढच्याच वर्षी नदीचं पाणी इतकं तापलं की वर निघालेल्यांपैकी बहुतेक सगळे वाटेतच मेले. संथ, पसरट जलाशयांत पाणी जास्त तापतं, हेही त्यामागचं एक कारण होतं.

पैदास केंद्राचा धडा आपल्या जवळचाही आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीजप्रकल्पाच्या तलावाकाठी 1970 च्या दशकापासून महसीरची पैदास होते. ही जात मूळची कृष्णेच्या खोऱ्यातली. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून तिची शास्त्रीय नोंद केली होती. पैदास उत्तम झाली, पिल्लं दूरदूरच्या नद्यांत गेली, कावेरीतही. कावेरीत मात्र स्वतःचा कुबड असलेला महसीर होता. तो आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे, आणि बाहेरून आलेल्या या भाऊबंदांची गर्दी हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. मासे वाढले, पण ते त्या नदीचे नव्हते.

सगळा दोष धरणांचाच?

नाही. रेडफिशच्या सॉकायवर मासेमारीचा आणि समुद्रातल्या बदलांचाही परिणाम झाला. शिवाय 1910 मध्ये खाणीच्या विजेसाठी बांधलेल्या सनबीम धरणाने वाट अडवली होती. ते 1934 मध्ये फोडलं. पण आठ धरणांनंतर जे उरले त्यांना बाकीचे धक्के सोसणं अवघड गेलं.

धरण काढलं तर काय होतं, हे आता दिसायला लागलंय. कॅलिफोर्निया-ओरेगनमधल्या क्लॅमथ नदीवरची चार वीजधरणं 2024 पर्यंत पाडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅल्मन ओरेगनमध्ये त्या जागांच्या वर पोहोचले. तिथे ते शंभरएक वर्षं गेले नव्हते.

स्नेकवरची चार धरणं काढावीत अशी मागणीही जुनी आहे. पण त्यांच्यापासून वीज मिळते आणि त्यांच्या जलाशयांतून गव्हाने भरलेल्या बार्ज समुद्राकडे जातात. त्यामुळे शेतकरी आणि वीजग्राहक विरोधात आहेत. 2023 मध्ये बायडन सरकारने नदी सावरण्यासाठी तिथल्या जमाती आणि राज्यांशी करार केला. जून 2025 मध्ये ट्रम्प यांनी त्यातून माघार घेतली. आठही धरणं आजही जागेवर आहेत.