शंदूरचा बर्फ आणि अनाम खांदे

वसंताचे आगमन पंचांग सांगते. हिंदुकुशाच्या परिसरातील खिंडी ते मानतातच असे नाही. मार्च १८९५मध्ये चित्रालच्या किल्ल्यात ब्रिटिश एजंट रॉबर्टसन आपल्या शिबंदीसह वेढला गेला. त्याच्या सुटकेसाठी कर्नल केली २३ मार्चला गिलगिटहून निघाला. सोबत ३२व्या पायोनियर्स पलटणीचे सुमारे चारशे शिपाई आणि काश्मीर संस्थानच्या दोन डोंगरी तोफा होत्या. वाटेत १२,००० फुटांहून उंच शंदूर खिंड होती.

ही खिंड म्हणजे दोन कड्यांमधली चिंचोळी फट नव्हे. वर तळे असलेले ते विस्तीर्ण पठार आहे. तिथे चढणीपेक्षा बर्फच जिवावर उठतो. एप्रिलच्या आरंभी ओझ्याची जनावरे बर्फात रुतली, तोफा अडल्या, त्यातच पुन्हा हिमवर्षाव झाला. घसरगाड्या करून पाहिल्या, पण बर्फ तुडवून केलेल्या अरुंद वाटेवर त्या चालेनात. अखेर तोफांच्या नळ्या, चाके आणि दारूगोळा पायोनियर्स व काश्मिरी शिपायांनी खांद्यावर घेतला. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने अनेकांची दृष्टी काही काळ गेली, कित्येकांना हिमदंश झाला. पण तोफा पलीकडे लासपूरला उतरल्या. २० एप्रिलला केली चित्रालला पोचला.

मोहिमेतील अधिकारी बेनन याने १८९६मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच केलीचे नाव आहे. मात्र पायोनियर्स होते मुख्यतः मजहबी शीख, म्हणजे पंजाबी समाजाने अस्पृश्य ठरवलेले लोक. आपल्या दृष्टीने इथे एक विलक्षण विसंगती दिसते. याच दशकाच्या आरंभी ‘लढाऊ जातीं’च्या सिद्धांताच्या आधारे महारांची सैन्यभरती बंद झाली होती. त्याविरुद्ध निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४मध्ये अर्ज लिहिला होता. एकाच साम्राज्याने एका अस्पृश्य समाजाच्या खांद्यांवर तोफा दिल्या आणि दुसऱ्याला बंदूक नाकारली. लढाऊपणा रक्तात असतो, हा दावा किती सोयीचा होता, ते यावरून कळते.

अर्थात, त्या तोफा साम्राज्याच्याच होत्या, हेही विसरता येत नाही. म्हणून या शौर्याचा निव्वळ गौरव करणे अवघड आहे. पण ‘तोफा खिंडीपार नेण्यात आल्या’ अशा कर्मणी वाक्याशी आपण थांबावे आणि त्यातला हरवलेला कर्ता शोधावा, एवढे तरी आपल्या हाती आहे.