सार्कोमाचे मूळ : सहा सूत्रे आणि त्यांवरील भाष्य

हाड, कूर्चा, स्नायू, चरबी अशा आधार देणाऱ्या ऊतींचा कर्करोग म्हणजे सार्कोमा. प्रौढांच्या कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम एक टक्का. मुलांत तो कितीतरी जास्त. त्याच्या उगमाबद्दल आजवर जे हाती लागले ते पुढील सूत्रांत बांधले आहे. सूत्रे प्रस्तुत लेखकाचीच. भाष्य लिहिताना गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला वाचक डोळ्यांसमोर आहे.

१. मज्जेत दोन कुळे नांदतात.

‘मज्जेत’ म्हणजे हाडाच्या पोकळीतल्या मऊ भागात. ‘दोन कुळे’ : एक रक्त घडवणाऱ्या मूलपेशींचे, दुसरे हाड, कूर्चा आणि चरबी घडवणाऱ्यांचे. दुसऱ्या कुळाचा माग सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी काढला. १९९१ मध्ये आर्नॉल्ड कॅप्लान यांनी त्याला ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव दिले. गोंदिया-गडचिरोलीकडे ओळखीचा असलेला सिकलसेल हा रक्तविकार पहिल्या कुळाच्या संततीत, म्हणजे तांबड्या पेशींत प्रकट होतो. सार्कोमाचा संशय दुसऱ्या कुळावर आहे.

२. गाठ जशी दिसते, तिथलीच ती असते असे नाही.

पूर्वपक्ष असा : स्नायूसारखी दिसणारी गाठ स्नायूतूनच उपजली असणार. उत्तर : रॅब्डोमायोसार्कोमात हाता-पायांच्या स्नायूंची लक्षणे दिसतात, पण ती गाठ मूत्राशयात आणि पित्तनलिकेतही होते, जिथे तसा स्नायू नसतोच. शिवाय पूर्ण घडलेला स्नायुतंतू विभागत नाही. त्याची डागडुजी करतात त्या तंतू आणि त्याचे आवरण यांच्या फटीत चपट्या होऊन बसलेल्या उपग्रह पेशी. अलेक्झांडर मॉरो यांनी त्या १९६१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टिपल्या. संशय आधी त्यांच्यावर गेला. पण २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगात रक्तवाहिन्यांच्या अस्तराकडे निघालेल्या पूर्वज पेशींतूनही ही गाठ उभी राहिली. म्हणून गाठीचे रूप ही साक्ष मानावी, निकाल मानू नये.

३. घडण अडते, वाढ अडत नाही.

सूत्राचे मर्म युइंग सार्कोमात दिसते. जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये या रोगाचे वर्णन केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी लहान, गोल, निळसर आणि एकसारख्या दिसतात. हाडाची वा स्नायूची कुठलीच खूण नाही. धानाच्या पऱ्ह्यांत सावासारखे गवत उगवले तर कोवळेपणी ते ओळखू येत नाही, तशीच ही अडचण. ओळख पटते ती जनुकावरून. बहुतेक रुग्णांत ११ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन ईडब्ल्यूएस-एफएलआय१ हे जोडजनुक तयार होते. ते १९९२ मध्ये उलगडले.

२००५ मध्ये हे जनुक उंदराच्या मज्जेतल्या मेसेन्कायमल पूर्वज पेशींत घातले, तेव्हा युइंगसारख्याच गाठी झाल्या. २००७ मध्ये उलटा प्रयोग झाला. रुग्णांच्या गाठींपासून वाढवलेल्या पेशींत ते जनुक गप्प केले. त्या मेसेन्कायमल मूलपेशींसारख्या वागू लागल्या, आणि योग्य द्रावणात ठेवल्यावर काही चरबीच्या, काही हाडाच्या वाटेला लागल्या. म्हणजे वाट बुजलेली नव्हती, अडवलेली होती. युइंगचे मूळ गर्भातल्या चेताशिखेच्या (न्यूरल क्रेस्ट) पेशींत आहे, असा दावाही काही अभ्यासक करतात. तो वाद मिटलेला नाही.

४. मूळ एकाच पायरीवर नसते.

ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगाचा धडा वेगळा. २००८ मध्ये उंदरांत, हाड घडवायला आधीच नेमलेल्या पेशींतून पी५३ आणि आरबी ही दोन रखवालदार जनुके काढली, आणि तेवढ्याने गाठी झाल्या. म्हणून ‘मूलपेशी’ म्हणताना पहिल्या पायरीवरच अडून बसू नये. अर्धवट घडलेली पेशीही बिघडते. हा रोग किशोरवयात, बहुधा गुडघ्याच्या आसपास, म्हणजे हाड जिथे झपाट्याने लांबते तिथे होतो, हे या विचाराशी जुळते.

५. पुरावा आधी स्वच्छ हवा.

२००५ मध्ये स्पेनच्या एका चमूने जाहीर केले, की माणसाच्या मेसेन्कायमल मूलपेशी काचपात्रात दीर्घकाळ वाढवल्या की आपोआप कर्करोगी होतात. मोठी खळबळ उडाली. पुढे प्रयोग पुन्हा जमेना आणि २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला. इतर प्रयोगशाळांनी आपल्या अशाच निष्कर्षांची डीएनएवरून पडताळणी केली, तेव्हा पात्रात बाहेरच्या सार्कोमाच्या पेशी शिरल्याचे आढळले. उंदराच्या पेशी मात्र खरोखर बिघडतात. उंदराचे खरे ते माणसाचे खरे असे गृहीत धरता येत नाही, हे विज्ञानाने स्वतःच दाखवून दिले.

६. एकाच जागी मुक्काम ठोकलेले दुखणे तपासावे.

हे फलसूत्र. ज्या मुलाला सिकलसेल आहे, त्याचे हाड दुखले की कारण तेच, असे घरच्यांना आणि कधी डॉक्टरांनाही वाटते. बहुधा ते बरोबरही असते. पण सिकलसेलचे दुखणे झटक्यांनी येते आणि पुष्कळदा जागा बदलते. गुडघ्याजवळ एकाच बाजूला आठवडेच्या आठवडे टिकणारी, रात्री झोप मोडणारी वेदना आणि वाढती सूज असेल तर एक्स-रे काढावा. अशी सूज चोळू नये. अर्जुनीच्या ग्रामीण रुग्णालयातून गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि तिथून नागपूरला किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाण्याची वाट आहे. गाठीचा तुकडा शक्यतो जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार तिथेच काढावा. चुकीच्या जागी घातलेली सुई पाय वाचवण्याची संधी घालवू शकते. वाढत्या वयातल्या मुलांच्या हाडांत हाड घडवणाऱ्या पेशी रात्रंदिवस कामाला असतात. म्हणूनच मुलांच्या अशा दुखण्याला ‘वाढीचे आहे’ म्हणून सोडून देण्याआधी एकदा तरी तपासणी करणे, हे मोठ्यांचे कर्तव्य आहे.