विद्यापीठ हाच विषय

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला होता. इतिहास घेऊन तो आमच्या हाताखालीं बी. ए. झाला, पुढें चार वर्षें एका महाविद्यालयाच्या कचेरींत प्रवेश, शिष्यवृत्त्या, निकाल असलीं कामें करीत राहिला, आणि आतां परदेशीं जाऊन 'उच्च शिक्षण' या विषयांत एम. ए. करावें असें त्याच्या मनानें घेतलें होतें. "उच्च शिक्षण घ्यावयाचें हें कळलें, पण उच्च शिक्षणाचेंच उच्च शिक्षण म्हणजे काय रे?" असें आम्हीं थट्टेनें विचारलें. तो थोडा लाजला व म्हणाला, "सर, विद्यापीठ कसं चालतं, तें शिकायचं आहे." आम्ही हसलों खरे. परंतु तो गेल्यावर तें हसणें आम्हांसच टोचूं लागलें. आज अठ्ठावीस वर्षें आम्ही विद्यापीठाच्या अन्नावर आहों. अभ्यासमंडळांच्या बैठकींत चहा पीत व माना डोलवीत आलों आहों. तरीही प्रश्नपत्रिका शंभर गुणांचीच कां, एम. ए. ला दोनच वर्षें कां, असें कोणीं विचारलें असतें तर 'पहिल्यापासून तसेंच आहे' यापलीकडे आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. इतिहासाच्या अध्यापकाला हें उत्तर शोभत नाहीं. म्हणून या विषयाचा उगम कोठें झाला तें आम्हीं पाहावयास घेतलें, आणि जी हकीकत हातीं आली ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

आधीं पदवीविषयीं दोन शब्द. 'मास्टर' ही पदवी मुळांत विद्वत्तेची नव्हे, परवान्याची. मध्ययुगांत पॅरिस किंवा ऑक्सफर्ड येथें जो 'मॅजिस्टर' झाला त्याला शिकविण्याचा अधिकार मिळे. कारागिरांच्या संघांत जसा उस्ताद, तसा हा विद्येच्या संघांतला उस्ताद. पुढें परवान्याचा अर्थ झिजत गेला. ऑक्सफर्ड-केंब्रिजांत तर बी. ए. झालेल्यानें कांहीं वर्षें वाट पाहिली कीं परीक्षेवांचूनच त्याला एम. ए. म्हणवून घेतां येतें. लंडनच्या विद्यापीठानें या पदवीला परीक्षा जोडली, आणि १८५७ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें जीं विद्यापीठें निघालीं त्यांनीं लंडनचाच कित्ता गिरविला. परीक्षा घ्यावयाची, पदव्या वांटावयाच्या. शिकविण्याचें काम महाविद्यालयांचें. रानडे व भांडारकर १८६२ सालीं मुंबईचे पहिले पदवीधर झाले ते अशा एका विद्यापीठाचे, कीं ज्याचा स्वतःचा असा एकही वर्ग नव्हता. १९१९ सालीं अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचा विभाग निघून पॅट्रिक गेडिस यांची नेमणूक झाली, तोंवर मुंबई विद्यापीठ हें मुख्यत्वें परीक्षांचें कार्यालयच होतें असें म्हटल्यास तो फारसा अन्याय होणार नाहीं.

आतां मूळ कथेकडे वळूं. ती घडली अमेरिकेंत, मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील वूस्टर या कारखान्यांच्या गांवीं. तेथें जोनास क्लार्क नांवाचा एक धनिक राहत असे. हा शेतकऱ्याचा मुलगा. शाळेंत फार शिकला नव्हता. तरुणपणीं गाड्या तयार करण्याचा धंदा शिकला, आणि कॅलिफोर्नियांत सोन्याचा शोध लागून जग तिकडे धांवूं लागलें तेव्हां सोनें खणण्याच्या भरीस न पडतां खणणाऱ्यांना माल विकून श्रीमंत झाला. मूलबाळ नव्हतें. ग्रंथ जमविण्याचा नाद मात्र होता. १८८७ सालीं त्यानें आपल्या गांवांत विद्यापीठ स्थापण्याची सनद मिळविली. आपल्यासारख्या गरीब घरच्या मुलांना गांवांतल्या गांवांत शिकतां यावें, एवढीच त्याची इच्छा.

अध्यक्ष म्हणून त्यानें बोलाविलें स्टॅन्ली हॉल याला. हॉल हा त्या वेळीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत मानसशास्त्राचा अध्यापक होता; तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हा तेथला त्याचा विद्यार्थी. हॉल जर्मनींत शिकून आलेला, आणि जर्मन विद्यापीठांचें वेड डोक्यांत घेऊन आलेला. नेमणूक होतांच तो यूरोपांतील विद्यापीठें पाहण्यासाठीं दौऱ्यावर गेला. परत आला तो एकच निश्चय करून: वूस्टरला बी. ए. चे वर्ग नकोत, तेथें केवळ पदव्युत्तर संशोधन व्हावें. विश्वस्तांना त्यानें हें पटविलें. वृद्ध संस्थापकाला तें कितपत पटलें होतें हें पुढें दिसलेंच.

२ ऑक्टोबर १८८९ रोजीं क्लार्क विद्यापीठ उघडलें. विद्यार्थी मूठभर, परंतु अध्यापकवर्ग असा कीं कोणत्याही राजधानीनें हेवा करावा. पदार्थविज्ञानाला मायकेल्सन, ज्याला १९०७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मानववंशशास्त्राला फ्रान्झ बोआस, ज्यानें पुढें ह्या शास्त्राचें अमेरिकेंतील रूपच पालटून टाकलें. प्राणिशास्त्राला व्हिटमन. तीन वर्षें तेथें जें काम चाललें त्याची आठवण त्या मंडळींनीं जन्मभर काढली.

पण क्लार्कचें मन उडत चाललें होतें. ज्या मुलांसाठीं त्यानें पैसा ओतला तीं फाटकाबाहेरच. आंत परगांवचे पदवीधर सूक्ष्मदर्शकांत डोळे घालून बसलेले. त्यानें हात आंखडता घेतला. ही गोष्ट त्यानें कोणास कळूं देऊं नये असें सांगितलें, आणि हॉलनें तें ऐकलें. अध्यापकांना दिलेलीं वचनें पाळतां येईनात, कारण सांगतां येईना. याच काळांत, १८९० च्या मे महिन्यांत, हॉल बाहेरगांवीं असतांना त्याची पत्नी व लहान मुलगी घरांत गॅस कोंडून मरण पावलीं. तो घरीं आला तेव्हां नऊ वर्षांचा मुलगा तेवढा उरला होता. त्या माणसानें पुढचीं दोन वर्षें कशीं काढलीं असतील याची कल्पनाच करावी.

१८९२ च्या जानेवारींत अध्यापकांपैकीं बऱ्याच जणांनीं एकत्र राजीनामे पुढें केले. अध्यक्षाच्या शब्दावर आमचा भरंवसा उरला नाहीं, असा त्यांचा मुद्दा. तडजोडीचीं बोलणीं चाललीं होतीं, इतक्यांत वसंत ऋतूंत शिकागोहून विल्यम हार्पर वूस्टरला उतरला. शिकागोचें नवें विद्यापीठ रॉकफेलरच्या पैशावर त्याच वर्षीं उघडावयाचें होतें आणि हार्परला अध्यापक हवे होते. त्यानें क्लार्कच्या अध्यापकांना गांठून वाढीव वेतन पुढें ठेविलें, आणि मायकेल्सन, व्हिटमन आदि मंडळी तिकडे गेली. हार्परनें शेवटीं खुद्द हॉललाही जागा देऊं केली, असें हॉलनें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. हा प्रसंग लिहितांना, तीस वर्षें उलटून गेलीं तरी त्याच्या लेखणींतला राग शमलेला दिसत नाहीं. बोआसनेंही क्लार्क सोडलें. उन्हाळा संपला तेव्हां इमारती होत्या, ग्रंथालय होतें, अध्यक्ष होता, आणि बहुतेक खोल्या रिकाम्या होत्या.

आमच्या विषयाचा जन्म येथें आहे. पुढच्याच वर्षीं, १८९३ मध्यें, हॉलनें आपल्या उरल्यासुरल्या विद्यार्थ्यांसाठीं एक नवी व्याख्यानमाला सुरू केली: अमेरिका व यूरोप येथील उच्च शिक्षणाची सद्यःस्थिति आणि तिचे प्रश्न. विद्यापीठाच्या वर्गांत विद्यापीठ हाच विषय म्हणून शिकविण्याचा अमेरिकेंतील हा पहिला प्रयत्न समजला जातो. यूरोपच्या दौऱ्यांतील सामुग्री त्याच्यापाशीं होतीच, १८९१ पासून चालविलेल्या आपल्या नियतकालिकांत तो विद्यापीठांविषयीं लिहीतही होता. तेव्हां १८९२ ची फाटाफूट झाली नसती तर हा वर्ग निघालाच नसता असें कोणी सिद्ध करूं शकणार नाहीं. तरी आमचें मत विचाराल तर जें मोडतें त्याचीच रचना माणूस निरखून पाहतो. घड्याळ चालू असतांना त्याचें मागचें झांकण कोण उघडतो?

यानंतरचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल, कारण तो बराचसा रुक्ष आहे. १९२० च्या सुमारास ओहायो, शिकागो व न्यूयॉर्क येथें या विषयाचे रीतसर अभ्यासक्रम निघाले, आणि १९५७ च्या सुमारास कार्नेगीच्या देणग्यांतून बर्कले, मिशिगन व कोलंबिया येथें संशोधनकेंद्रें स्थापन झालीं. विद्यापीठांचा इतिहास, त्यांचा कारभार, त्यांचा पैसा, विद्यार्थ्यांचें जीवन, कायदा, एवढें शिकवून एम. ए. देऊं लागले. अनेक ठिकाणीं त्याला नुसत्या कारभाऱ्यांच्या शिक्षणाचें रूप आलें. वसतिगृह कसें चालवावें, देणगीदार कसा धरावा! हें शिकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हॉलचा वर्ग यासाठीं निघाला नव्हता.

त्याचा खरा वारस आम्हांस दिसतो तो क्लार्क कर. १९५८ पासून तो कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अध्यक्ष होता. १९६४ च्या शरदांत बर्कले येथें विद्यार्थ्यांची चळवळ उसळली, आणि १९६७ च्या जानेवारींत, रेगन गव्हर्नर होऊन महिनाही झाला नव्हता तों, नियामक मंडळानें करला काढून टाकलें. त्याच वर्षीं उच्च शिक्षणाच्या चौकशीसाठीं कार्नेगीनें नेमलेल्या आयोगाचा तो अध्यक्ष झाला, व १९७३ पर्यंत हेंच काम करीत राहिला. या आयोगामार्फत १९७३ सालीं मार्टिन ट्रो याचा एक निबंध प्रसिद्ध झाला. या विषयाच्या विद्यार्थ्याला तो आजही वाचावाच लागतो. ट्रो म्हणतो, योग्य वयाच्या तरुणांपैकीं शेंकडा १५ पर्यंतच महाविद्यालयांत येतात तोंवर उच्च शिक्षण मूठभरांचें असतें. १५ वरून ५० पर्यंत तें बहुजनांचें होतें. त्याही पुढें तें सार्वत्रिक. आणि संख्या वाढली म्हणजे त्याच घराला आणखी खोल्या काढल्या असें होत नाहीं. घराचा हेतुच पालटतो. हिंदुस्थानांत २०२१-२२ च्या सरकारी पाहणीप्रमाणें हें प्रमाण शेंकडा २८.४ होतें. म्हणजे दुसऱ्या पायरीच्या मध्यावर आम्ही आहों, आणि आमच्या अभ्यासमंडळांतलीं भाषणें अद्याप पहिल्या पायरीवर उभे राहून चालतात.

आमच्याकडे विद्यापीठांचा विचार झालाच नाहीं असें मात्र नाहीं. तो आयोगांनीं केला. १९०२ चा आयोग, १९१७ ते १९ चा सॅडलर आयोग, ज्याच्या अहवालाचे तेरा खंड आहेत, १९४८ चा राधाकृष्णन आयोग, १९६४ चा कोठारी आयोग. आयोग येतो, साक्षी घेतो, खंड छापतो व उठून जातो. वर्गांत बसून वर्षानुवर्षें पिढीमागून पिढी एकच प्रश्न उगाळीत राहिली आहे, असें क्वचितच झालें.

परंतु त्या साक्षींत कधीं कधीं सोनें सांपडतें. १९२४ सालीं मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठीं समिति बसली तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं तिच्या प्रश्नावलीला लेखी उत्तरें दिलीं. बाबासाहेब १९१३ सालीं कोलंबियाला गेले, १९१५ सालीं तेथें एम. ए. झाले, ड्यूई हे तेथें त्यांचे गुरु. म्हणजे गुरुपरंपरेनें पाहिलें तर ते हॉलच्या नातवंडांत मोडतात! परंतु त्यांचें मत हॉलच्या अगदीं उलट. पदव्युत्तर शिक्षण बी. ए. च्या वर्गांपासून तोडून वेगळें ठेवणें त्यांना मुळींच मान्य नव्हतें. असें तोडणें म्हणजे अध्यापनापासून संशोधन तोडणें, आणि त्यांत दोहोंचेंही नुकसान; ज्यानें वरच्या वर्गांत शोध लावावयाचा त्यानेंच खालच्या वर्गांतही शिकवावें, असा त्यांचा आग्रह. वूस्टरच्या त्या गाडी बनविणाऱ्या म्हाताऱ्याला हें ऐकून बरें वाटलें असतें. १९२८ च्या कायद्यानें मुंबई विद्यापीठाची घडी बदलली. पण पदव्युत्तर विभाग एकीकडे व महाविद्यालयें दुसरीकडे, ही भिंत आमच्या उभ्या आयुष्यांत आम्हीं पाहिली आहे. आम्ही भिंतीच्या अलीकडचे. पलीकडच्या मंडळींशीं आमची गांठ परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासतांनाच काय ती पडे.

आणखी एक नांव घेतल्यावांचून राहवत नाहीं. कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या अहवालामागचे श्रम मुख्यतः त्यांचे. पुढें आयुष्याच्या अखेरीस त्यांनीं त्याच अहवालाचें काय झालें, काय घेतलें गेलें, काय टाकलें गेलें, याचा हिशेब मांडणारें पुस्तक लिहिलें. १९८१ सालीं ते वारले व १९८२ सालीं तें पुस्तक निघालें. स्वतःच्या कामाचा असा जमाखर्च मांडणारे लोक आमच्याकडे फार नाहींत.

क्लार्कविषयीं सांगावयाचें राहिलें. १९०० सालीं तो वारला. मृत्युपत्रांत त्यानें गांवच्या मुलांसाठीं वेगळें महाविद्यालय काढण्यास पैसा ठेविला होता, आणि हॉल त्याचा अध्यक्ष असूं नये अशी अट घातली होती. १९०२ पासून एकाच आवारांत दोन संस्था, दोन अध्यक्ष, असा संसार चालला. १९०९ सालीं फ्रॉईड व्याख्यानें देण्यास वूस्टरला आला तो हॉलच्या बाजूला. १९२० सालीं हॉल निवृत्त झाला तेव्हां दोन्ही बाजू एका अध्यक्षाच्या हाताखालीं आल्या, व क्लार्कच्या मनांतलें विद्यापीठ तेहेतीस वर्षांनीं उभें राहिलें.

आमचा विद्यार्थी मागच्या आठवड्यांत शिफारसपत्रासाठीं पुन्हां आला. अर्जांत एक प्रश्न होता: या उमेदवाराला हाच विषय कां घ्यावासा वाटतो असें तुम्हांस वाटतें? तो आम्हीं त्यालाच विचारला. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, कचेरींत असतांना शुल्क न भरल्यामुळें नांव कमी झालेल्या मुलांची यादी दरवर्षीं त्यालाच टंकावी लागे; चौथ्या वर्षीं त्यानें चारही याद्या समोर ठेवून ताडून पाहिल्या, तेव्हां त्यांत त्याच चार-पांच गांवांचीं नांवें पुन्हां पुन्हां येत होतीं. हें त्यानें वरिष्ठांना सांगितलें. त्यांनीं यादी ठीक आहे असें म्हणून सही केली.

आम्हीं पत्रांत ही हकीकत जशीच्या तशी लिहिली, आणि तो कागद त्याच्या हातीं दिला.