तक्रार म्हणजे पुन्हा एकदा

‘फीडबॅक’ला मराठीत काय म्हणायचं, असं विचारलं तर अडचण शब्द नसल्याची होत नाही, फार असल्याची होते. प्रतिसाद, अभिप्राय, सूचना, तक्रार, गाऱ्हाणं, शिवाय शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतलं प्रत्याभरण. आपण ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. मोठ्या कंपनीचं त्यामुळे काही अडत नाही. तिच्याकडे आकडे मोजायला माणसं असतात. पण कुणी चार मित्रांच्या मदतीने मराठी शुद्धलेखन तपासणारं छोटंसं साधन बनवतं, कुणी गावच्या वाचनालयाची देवघेव नोंदवणारी प्रणाली लिहितं. अशा माणसाला लोकांकडून नेमकं काय हवं आहे, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी या शब्दांची कुळं बघून ठेवलेली बरी.

सुरुवात त्या साधनापासूनच करू. ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळ जाऊन 1958 साली अमेरिकी गणितज्ञ जॉन ट्यूकी यांच्या एका लेखात छापून आला. त्याचा थोरला भाऊ ‘हार्डवेअर’ त्याआधी कितीतरी वर्षं दुकानांच्या पाट्यांवर होता आणि आपल्याकडे अजूनही आहे: खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे. यातल्या ‘वेअर’चा अर्थ विकायचा माल. म्हणजे इंग्रजीने संगणकातल्या या अदृश्य वस्तूकडे पाहिलं ते दुकानदाराच्या नजरेने. फारसीने तीच वस्तू कारागिराच्या नजरेने पाहिली. इराणात सॉफ्टवेअरला ‘नर्म-अफ्जार’ म्हणतात आणि हार्डवेअरला ‘सख्त-अफ्जार’. ‘नरम’ आपल्याकडे आहेच. ‘सख्त’ सक्तमजुरीत आणि सक्त ताकिदीत भेटतो. राहिला ‘अफ्जार’. आपलं ‘अवजार’ कुठून आलं याविषयी कोशकारांत दोन मतं आहेत. काही जण त्याचा संबंध ‘ओझं’ या अर्थाच्या अरबी ‘विज्र’च्या अनेकवचनाशी लावतात, तर काही जण थेट या फारसी ‘अफ्जार’शी. दुसरं मत धरलं तर इराणी सॉफ्टवेअर म्हणजे चक्क नरम अवजार.

माल आणि अवजार यांतला फरक कामाचा आहे. माल घेतला की व्यवहार संपतो. अवजार मात्र हातात आल्यावरच कळतं, आणि ते कुठे रुततं हे घडवणाऱ्याच्या आधी वापरणाऱ्याला कळतं. ‘वापरणं’ हे क्रियापदही संस्कृत ‘व्यापार’ या शब्दातूनच झिजून आलं आहे. तेव्हा व्यापार म्हणजे खरेदी-विक्री असं नव्हतं, नुसतं काम, उद्योग, हालचाल. त्या शब्दाची एक शाखा पुढे बाजारात गेली आणि दुसरी घरातच राहिली.

अशी अवजारं बहुधा हौसेतून जन्मतात. ‘हौस’ मूळची अरबी ‘हवस’, म्हणजे वेड, खूळ. हिंदीत ती वासनेकडे झुकली. मराठीत येऊन एवढी सोज्ज्वळ झाली की आपण डोहाळजेवणंही हौसेने करतो. जत्रेला जाणाऱ्यांची आपण केलेली हौसे, नवसे, गवसे ही वर्गवारी अशा साधनांच्या वापरकर्त्यांनाही बेमालूम बसते. हौसे नवं काही दिसलं की उघडून बघतात, वाहवा करतात आणि पुढे जातात. नवसे मागण्या घेऊन येतात: एवढं करा, मग आम्ही रोज वापरू. गवसे काहीतरी शोधत आलेले असतात, आणि ते गवसलं नाही तर न बोलता परत जातात. खरी माहिती या शेवटच्यांकडे असते, पण त्यांना बोलतं करणं सगळ्यांत कठीण.

आता उत्तरादाखल येणाऱ्या शब्दांकडे. ‘प्रतिसाद’ दिसतो संस्कृत, पण त्यातला ‘साद’ ‘शब्द’, ‘सद्द’, ‘साद’ असा प्राकृतातून चालत आलेला आहे. त्याच जोडीचं पूर्ण देशी रूप ‘पडसाद’ आणि पूर्ण संस्कृत रूप ‘प्रतिशब्द’. संस्कृतात प्रतिशब्द म्हणजे प्रतिध्वनीच. समानार्थी शब्द हा अर्थ आपण त्याला नंतर दिला. तिन्ही सख्खी भावंडं, आणि तिघांच्याही पोटात डोंगरावरून परत येणारा आपलाच आवाज. ‘उत्तम प्रतिसाद मिळाला’ या वाक्यातून किती लोक आले हे समजतं, त्यांना काय टोचलं हे समजत नाही.

‘अभिप्राय’ संस्कृतात मनातला हेतू होता. मराठीत त्याचं मत झालं. संग्रहालयाच्या दाराशी ठेवलेल्या अभिप्रायाच्या वहीत लोक सुवाच्य अक्षरात ‘स्तुत्य उपक्रम’ असं लिहितात, खाली गावाचं नाव घालतात. शिष्टाचार म्हणून छान, दुरुस्तीला निरुपयोगी.

‘सूचना’ दोन्ही बाजूंनी धावते. फलकावर लागली की ती वरून खाली येते, पेटीत पडली की खालून वर जाते. ‘सूच्’ धातूचा अर्थ दाखवून देणं. पण सूचना करणारा बहुतेक वेळा दुखणं न दाखवता थेट औषध सांगतो. ‘अक्षरं मोठी करा’ असं तो म्हणतो. प्रत्यक्षात अक्षरांचा आकार ठीक असतो, करड्या पार्श्वभूमीवर करडी अक्षरं त्याला दिसत नसतात. सांगितलेलं औषध निमूटपणे दिलं तर दुखणं तसंच राहतं.

‘फीडबॅक’ स्वतः आला विद्युत अभियांत्रिकीतून. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग परत आत सोडणं, इतकाच त्याचा अर्थ. 1927 मध्ये बेल लॅबोरेटरीजमधले हॅरल्ड ब्लॅक हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत असताना त्यांना ‘निगेटिव्ह फीडबॅक’ची कल्पना सुचली आणि ती त्यांनी हातातल्या वर्तमानपत्रावरच टिपून ठेवली. परत आलेला संकेत मूळ संकेतातून वजा केला तर टेलिफोनच्या प्रवर्धकातली विकृती कमी होते, ही ती कल्पना. आज कार्यालयात ‘निगेटिव्ह फीडबॅक’ मिळाला की चेहरे उतरतात. अभियंत्याच्या लेखी यंत्र ताळ्यावर ठेवतो तो हाच. सभागृहात माइक किंचाळतो तो पॉझिटिव्ह फीडबॅकने. शिक्षणशास्त्रींनी घडवलेल्या ‘प्रत्याभरण’ शब्दातून हा यंत्राचा वास पार उडाला. मराठी कानाला ‘आभरण’ म्हणजे दागिना, त्यामुळे प्रत्याभरण ऐकलं की उलट अहेर आल्यासारखं वाटतं.

आणि आता ‘तक्रार’. मूळ अरबी ‘तक्रार’चा अर्थ पुनरावृत्ती, दुसरं काही नाही. फारसीत आजही तो हाच आहे. तुर्कीत ‘तेक्रार’ म्हणजे पुन्हा. तेच ते बोलण्यातून वाद होतो म्हणून उर्दूत त्याला भांडणाचा अर्थ चिकटला, आणि मराठीत येईतो पुनरावृत्ती विसरली जाऊन नुसतं गाऱ्हाणं उरलं. पण प्रणाली लिहिणाऱ्यासाठी हा विसरलेला अर्थच सर्वांत मोलाचा आहे. चूक कळवली गेली की त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘पुन्हा करून दाखवता येईल का?’ जी चूक पुन्हा घडवता येते ती सापडते. जी एकदाच दिसून गायब होते ती दुरुस्त झाली की नाही हेही कळायला मार्ग नसतो. पुनरावृत्ती नसेल तर तक्रारही नाही, असं मूळ अरबी अर्थाला स्मरून म्हणता येईल.

मराठीच्या साधनांत याची उदाहरणं हवी तेवढी आहेत. ‘चालत नाही’ या निरोपाचा उपयोग शून्य. ‘दऱ्या हा शब्द शोधला तर समुद्राचा दर्या पुढे येतो’ ही मात्र अस्सल तक्रार: काय लिहिलं, काय हवं होतं, काय आलं, तिन्ही त्यात आहे. ती वाचली की रफार आणि अर्धा ऱ यांतला भेद साधनाने पुसून टाकला आहे हे लगेच लक्षात येतं. ‘ॲप’चं तसंच. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली 2008 साली, 5.1 या आवृत्तीत. त्याआधी कुणी ‘अ’वर चंद्र ठेवत असे, कुणी ‘ऍ’ वापरत असे, आणि ते सगळे लेख तसेच आहेत. पडद्यावर सारखे दिसणारे दोन शब्द यंत्राला वेगळे वाटतात आणि शोध रिकामा परततो. शुद्धलेखन तपासणीत तर आपली भाषाच परीक्षा घेते. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस वापरतात ती हन्स्पेल ही प्रणाली मुळात हंगेरियनसाठी, म्हणजे शब्दांना प्रत्ययांची लांबलचक शेपूट लावणाऱ्या भाषेसाठी, तयार झाली. शब्दांची यादी एका फायलीत आणि प्रत्ययांचे नियम दुसऱ्या फायलीत, अशी तिची रचना आहे. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’खाली लाल रेघ आली तर नियम कमी पडला की शब्दच यादीत नाही, हे ठरवायला तीच रेघ ‘दारासमोरच्यांनासुद्धा’खालीही येते का, ते पाहावं लागतं. म्हणजे पुन्हा तक्रारच, अरबी अर्थाने.

‘गाऱ्हाणं’ संस्कृत ‘गर्हणा’चं, निंदेचं अपत्य, पण सिंधुदुर्गात त्याला वेगळीच प्रतिष्ठा आहे. तिथे ग्रामदेवतेपुढे एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने मोठ्याने गाऱ्हाणं घालतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. छोट्या साधनांच्या कर्त्यांनी ही रीत उचलण्यासारखी आहे. खाजगी निरोपातून आलेली तक्रार दोघांतच राहते. सर्वांना दिसेल अशा नोंदवहीत ती लिहिली की दुसरा म्हणतो, ‘माझ्याकडेही असंच होतं’, तिसरा सांगतो, ‘माझ्या जुन्या फोनवर होतं, नव्यावर नाही’. पुनरावृत्तीचं काम लोकच करून देतात. मोझिलाने 1998 साली बगझिला ही चुकांची वही जगासाठी खुली केली, त्यातला फायदा हाच होता.

शेवटी सरकारी कागदांवरची एक जोडी: ‘तक्रार निवारण’ आणि ‘दखल घेणे’. निवारण म्हणजे थोपवून धरणं, दूर सारणं. विघ्नाचं निवारण करतात तसं तक्रारीचंही करता येतं, म्हणजे कारण दूर करता येतं, नाहीतर तक्रार करणाऱ्यालाच. शब्द दोन्हीला मोकळीक देतो. ‘दखल’ तशी सोय ठेवत नाही. अरबी ‘दख्ल’ म्हणजे आत शिरणं. तक्रारीची दखल घेतली असं म्हणायचं तर ती अवजाराच्या आत गेलेली असली पाहिजे, पुढच्या आवृत्तीत दऱ्या शोधल्यावर दऱ्याच सापडल्या पाहिजेत. ‘आपली तक्रार प्राप्त झाली, धन्यवाद’ ही नुसती पोच.