बोलक्या एटीएमची कुळकथा

बोलके एटीएम म्हणजे पडद्यावरची प्रत्येक सूचना इअरफोनमधून ऐकवणारे आणि बोटांना जाणवणाऱ्या खुणांच्या आधारे चालवता येणारे पैसे काढण्याचे यंत्र. त्याची कुळी तंत्रज्ञांच्या प्रयोगशाळेपेक्षा तक्रारअर्ज, आयोगांचे आदेश आणि परिपत्रके यांतच अधिक सापडते, आणि नांदेड-लातूरसारख्या जिल्ह्यांत अशी यंत्रे पोहोचवण्याचे काम अपुरे का राहिले याचे उत्तरही तेथेच शोधावे लागते.

रोख रक्कम देणारे यंत्र १९६७ साली लंडनजवळच्या एनफिल्ड येथे बार्कलेज बँकेने बसवले आणि १९८७ साली एचएसबीसी बँकेने मुंबईत ते भारतात प्रथम आणले. पुढे या यंत्रांच्या कळांवर ब्रेल, म्हणजे उठावाच्या टिंबांची लिपी, आली. परंतु पडदा काय विचारतो आहे हेच कळत नसेल तर कळ ओळखून उपयोग काय, हा प्रश्न तसाच राहिला. शिवाय मधुमेहाने किंवा काचबिंदूने उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल वाचता येत नाही. कॅनडातील ख्रिस आणि मारी स्टार्क या अंध दांपत्याने तेथील मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली आणि १९९७ साली ओटावा येथे रॉयल बँक ऑफ कॅनडाने पहिले बोलके यंत्र सुरू केले.

भारतात त्याही आधीची पायरी चढायची होती, कारण अंध व्यक्तीची सही जुळत नाही किंवा ती अंगठा उठवते, या सबबीवर तिला धनादेश पुस्तिका आणि एटीएम कार्डच नाकारले जाई. अंध व्यक्ती करार करण्यास कायद्याने सक्षम आहे, असे अपंग व्यक्तींसाठीच्या मुख्य आयुक्तांनी २००५ च्या आदेशात स्पष्ट केले आणि त्याच्या आधारे रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्ये सर्व सुविधा भेदभावाविना देण्यास बँकांना बजावले. एप्रिल २००९ च्या परिपत्रकाने नव्या एटीएमपैकी किमान एक तृतीयांश बोलकी असावीत असे सांगितले. जून २०१२ मध्ये युनियन बँकेने अहमदाबादच्या वस्त्रापूर भागात देशातील पहिले बोलके एटीएम उघडले आणि १ जुलै २०१४ पासून बसवले जाणारे प्रत्येक नवे एटीएम बोलके असणे बंधनकारक झाले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीच्या केंद्राने या कामाचा सातत्याने पाठपुरावा केला, ही मराठी मुलखाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

यंत्राची रचना पाहिली तर त्यामागचा विचार कळतो. पाचच्या कळेवर एक उठावाचे टिंब असते, त्यावरून उरलेले अंक बोटांना सापडतात. रक्कम पक्की करण्याच्या हिरव्या कळेवर वर्तुळ, चूक पुसण्याच्या पिवळ्या कळेवर उभी रेघ आणि व्यवहार रद्द करण्याच्या लाल कळेवर फुली असते. इअरफोन खोचल्यावर आवाज सुरू होतो आणि पडदा काळा करण्याची सोय असते, त्यामुळे मागे उभ्या असलेल्या माणसाला शिल्लक दिसत नाही. आवाजाइतकीच ही गुप्तता मोलाची आहे, कारण आपला पिन दुसऱ्याला सांगावा लागणे हीच अंध खातेदाराची खरी अडचण होती.

मराठवाड्यात बँकव्यवहार खेड्यापर्यंत नेला तो निजामी राजवटीत १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने, आणि १९७६ पासून नांदेडच्या मराठवाडा ग्रामीण बँकेने. मात्र आज अहमदपूर किंवा मुखेड तालुक्यातील खेड्यात, ज्याला लोक ‘निराधारचा पगार’ म्हणतात ते संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान काढायचे, तर अंध लाभार्थ्याची गाठ बहुधा बँक मित्राच्या, म्हणजे बँकेच्या वतीने गावात व्यवहार करणाऱ्या प्रतिनिधीच्या, हातातील लहान यंत्राशी पडते. तेथे तो आधारशी जोडलेला अंगठा ठेवतो, परंतु रक्कम यंत्राने मोठ्याने सांगितली नाही, तर किती वजा झाले हे त्याला कागदी पावतीवरून कळत नाही आणि दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. सपाट स्पर्शपडद्याच्या यंत्रांवर तर बोटांना ओळखू येणाऱ्या कळाही उरत नाहीत.

डिजिटल सेवा अपंग व्यक्तींना वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात म्हटले आहे. बँक मित्राच्या यंत्रालाही तोच न्याय लावून वजा झालेली रक्कम आणि उरलेली शिल्लक मराठीत ऐकवण्याची सक्ती बँकांवर व्हायला हवी.